हसली म्हणून कच्ची

गुरुवार, संध्याकाळ

आज केंद्रप्रमुख मोबाईलवर आमच्या तिसरीचं वाचन मोजायला आले. गोष्टीत बोकडाने सरपंचाचा फेटा खाल्ला, तिथे झीनत थांबून खुदकन हसली. थांबली म्हणून ॲपने तिला लाल शेरा दिला. हसली म्हणून कच्ची! वैष्णवीने एका दमात वाचलं, तिला हिरवा.

मी वैष्णवीला विचारलं, "फेटा कुणी खाल्ला गं?"

"कोन्ता फेटा, बाई?"

मी साहेबांकडे पाहिलं.

"ते ॲपमध्ये विचारत नाहीत, मॅडम. सही करा."

स्वतः एकेकाळी शिक्षक होता हा माणूस! किळस आली मला. आणि सही? केलीच की मुकाट्याने.

झीनत शेजारीच उभी होती. हळूच म्हणाली, "बाई, हसायचं नव्हतं का?"