आईच्या दुधाचा थेंब

आत्याबाई,

माझं पोर, माझा फाइट, तुमच्या मांडीवर वाढतोय, म्हणून आधी तुम्हालाच सांगते. उद्या मला बायबलवर हात ठेवून कारभाऱ्यांपुढे बोलायचंय.

इथे राजवाड्यात मी ज्या बाळाला पाजते, त्याचे डोळे चिकटले होते. त्याची आई, आमच्या युवराजाची बायको, मला म्हणाली, "तुमच्या गावात काय करतात गं?" मी म्हटलं, "आईच्या दुधाचा थेंब घालतात." राजघराण्यात आईने पाजायचं नसतं, म्हणून दूध आटवायला तिची छाती आवळून बांधलेली. तिने ती फडकी सोडली आणि थेंब घातला. तेवढ्यात तिच्यावर नजर ठेवणाऱ्या सरदारीणबाई आत आल्या आणि तिला उघड्या छातीने बाळावर वाकलेली पाहिली.

आता वैद्य म्हणतो, हिला वेड लागलंय, डोंगरातल्या किल्ल्यात कोंडा. युवराजाला दुसरी करायचीय, त्याला हे बरंच झालं.

कारभारी मला म्हणाला, "ती बाळाच्या अंगावर धावली, एवढंच सांग. तुझ्या दारात दुभती गाय बांधू."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर हे थेर तूच शिकवलेस असं होईल, अडाणी बाई. हाकलून देऊ."

मीच शिकवलंय की. आणि मला तुम्ही.

बाळाचे डोळे उघडलेत, आज ते आईकडे बघून हसलं. मी खोटं सांगणार नाही.

इथे पत्रं फोडून वाचतात, म्हणून हे चुलीत घालते. हाकललं तर हाकलू देत. माझं दूध माझ्या पोराला मिळेल.

तुमची सून,
आपोलोनिया