हॅनोव्हरला कोणी जाऊ दिलं नाही

४ मे २०११, बुधवार
फायलींच्या कार्यालयाचं पत्र आलं. अर्ज केल्यावर तीन वर्षांनी! अठरा तारखेला या, पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी तुमच्यावर ठेवलेली फाईल वाचायला मिळेल.

हायड्रून म्हणते, "साठी झाली तुझी. आता उकरून काय मिळणार आहे?" बायकोला काय जातंय म्हणायला! अठ्ठ्याहत्तर साली सीमेपलीकडे, पश्चिम जर्मनीत हॅनोव्हरला दहा हजार मीटरची शर्यत होती. मी बॅग भरून बसलेलो. आदल्या दिवशी प्रशिक्षक म्हणाला, "एकहार्ट, तू जात नाहीस." कारण नाही, काही नाही. तिकडे पुन्हा कधीच पाठवलं नाही. दोन वर्षांत धावणं संपलं आणि शाळेत पोरांना उड्या मारायला शिकवत बसलो.

माझ्या जागी गेला फोल्कमार. तेव्हा माझ्या खोलीत राहायचा, आता आमच्या बागा शेजारीशेजारी.

७ मे, शनिवार
फोल्कमार कुंपणावरून रुबार्बच्या आंबट देठांची जुडी देऊन गेला. जाताना सहज म्हणे, "पत्र आलं का रे?" सहज! याला कोणी सांगितलं? हायड्रूननंच, असं ती म्हणते. म्हणते खरी.

१० मे
माझी आतेबहीण मार्गिट हॅनोव्हरला असते, हे तेव्हा किती जणांना ठाऊक होतं? हायड्रूनला. फोल्कमारला. संपली यादी. सीमेपलीकडे नातेवाईक म्हणजे हा पळून जाणार, असाच संशय घ्यायचे तेव्हा. आणि हायड्रून मला अडवून काय करणार होती?

१४ मे, शनिवार
जुन्या धावपटूंची कॉफी. सगळे केक खात बसले होते. मला राहवलं नाही. सर्वांसमोर विचारलं, "फोल्कमार, गुप्त पोलिसांनी खबऱ्या म्हणून तुला टोपणनाव काय दिलं होतं रे?"

त्यानं काटा खाली ठेवला. "तेहेतीस वर्षं हे पोटात ठेवून माझ्याकडचे सॉसेज खात होतास होय?" कोट उचलला आणि गेला.

बाकीचे माझ्याकडे बघेनात. मला मात्र हलकं वाटलं. खोटं कशाला लिहू, मजा आली.

१६ मे
त्याच्या बागेच्या फाटकावर पाटी – 'बाग देणे आहे'. खरा असता तर भांडायला आला असता. पळतोय.

१८ मे
फाईल वाचली. खबऱ्या कोणीच नव्हता. पहिल्याच पानावर माझं अक्षर.

सरावाची वही आम्ही दर शनिवारी प्रशिक्षकाकडे द्यायचो. अंतर, नाडी, झोप आणि शेवटचा रकाना मनःस्थितीचा. सगळे डोळे मिटून 'चांगली' लिहायचे. मी शहाणा, रकाना आहे म्हणून खरं ते भरलं – 'हॅनोव्हरला मार्गिटकडे राहावंसं वाटतंय. कदाचित परत येऊच नये.' त्याखाली लाल रेघ.

पुढच्या तीन पानांवर फोल्कमारची चौकशी. तीनदा बोलावलं होतं त्याला. तिन्ही वेळा एकच उत्तर – "एकहार्टला धावण्याशिवाय काही सुचत नाही, त्याला जाऊ द्या." खाली शेरा : सहकार्य करत नाही.

मला कधी बोलला नाही.

त्याच्या घरी जाऊन आलो. दार उघडलं नाही त्यानं.