चेनचा आवाज

लातूर
श्रावणातला शेवटचा आठवडा

प्रिय ऋतू,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्यांदाच सांगते, घरी काही झालेलं नाही. आजीचे गुडघे आहेत तसे आहेत, अप्पा रोज वेळेवर आडतीवर जातात, माझी बारावीची मुलं यंदाही नकाशात महाराष्ट्र सोडून सगळं बरोबर दाखवतात. फोन करायचा सोडून पत्र का, तर आपल्या घरात फोनवरचं बोलणं कुणा एकाचं राहत नाही. तुझा फोन आला की अप्पा तो आधी स्पीकरवर टाकतात आणि आजी आतून उत्तरं देते. शिवाय फोनवर मी तुला बरं वाटेल असं बोलते. लिहिताना तसं जमत नाही. माझी रोजनिशीची सवय तुला माहीत आहे, वाक्य खोटं वाटलं की ते खोडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. या कागदावरही खाडाखोड दिसेल, ती तशीच राहू दे.

जूनमध्ये अप्पा तुला नांदेडला हॉस्टेलवर सोडायला आले, तेव्हा लोह्यात चहाला थांबताना त्यांची ती अवजड मोटरसायकल तुम्हा दोघांसकट आडवी झाली. लागलं कुणालाच नाही, पण त्या संध्याकाळी अप्पा घरी पोचायच्या आत तू मला फोनवर जे बोललीस ते माझ्या मनातून गेलेलं नाही. ‘आई, अप्पांना आता ती गाडी आवरत नाही. दसऱ्याच्या आत विकायला लाव. शब्द दे.’ मी शब्द दिला. आता दसरा दीड महिन्यावर आला आहे, आणि त्या शब्दाचं काय झालं हे तुला कळायला हवं.

त्या गाडीबरोबर राहणं म्हणजे काय हे तुला वेगळं सांगायला नको. आपल्या फाटकातून ती दोन्ही बाजूंच्या पेट्या उतरवल्याशिवाय आत येत नाही. ओसरीचा अर्धा भाग तिचा. ती पहिल्यांदा आली तेव्हा आजी म्हणाली होती, ‘अय्यो शिवा, हे घोडं बांधायचं कुठं?’ आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिनं एका पेटीत पापड भरून ठेवले, कारण त्या पेटीत मुंगी शिरत नाही. आम्ही बदामीला निघालो तेव्हा माझ्या रेनकोटला पापडखाराचा वास येत होता. रस्त्यात तर थांबायची सोय नाही. पेट्रोल भरायला उभं राहिलं की चार माणसं गोळा. ‘काय राव, किती देती?’ अप्पांचं उत्तर ठरलेलं, ‘देत न्हाई हो, नुसती घेती!’ लोक हसतात, मग अप्पा खरा आकडा सांगतात, मग लोक हळहळतात. गुजरातेत, आंध्रात, सगळीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत ऐकला. मला कधी कुणी विचारला नाही. मागे बसलेल्या बाईला कोण विचारणार, आणि मला तरी त्याचं काय वाटायचं? मला मागची जागा आवडायची. नकाशा माझ्याकडे, रस्ता त्यांच्याकडे.

आमच्या फिरण्याला आजीची एकच अट होती, ‘लिंगपूजा चुकवू नको, मग काशीला जा न्हाईतर कुठंबी जा.’ अप्पांनी ती कधी चुकवली नाही. कुठल्याही लॉजवर असलो तरी सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेणं, त्यावर पाणी, बेल, आणि मग बराच वेळ नजर तिथंच. ते झाल्याशिवाय चहा नाही. त्यांचा नाही म्हणून माझाही नाही. कच्छमध्ये एक चहावाला आमच्यासाठी उकळलेला चहा पुन्हा पुन्हा गरम करत बसला होता आणि शेवटी वैतागून त्यानंच तो पिऊन टाकला. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत मी त्यांच्या त्या हाताकडे इतकं पाहिलं आहे की मला तो माझ्या हातापेक्षा जास्त पाठ आहे. तो कधी हलत नसे.

जानेवारीत आम्ही श्रीशैलला गेलो होतो. तिथं लॉजच्या पायरीवर बसून अप्पा पूजा करत होते आणि मी बूट घालत होते. तळहातावरचं पाणी कडेनं सांडलं. मग बेलाचं पान घसरलं. मग त्यांनी उजवा हात डाव्याच्या खाली धरला, जसं आपण एखाद्या लहान मुलाच्या हाताखाली धरतो, आणि तसंच पूजा पुरी केली. मी पाहिलं आणि लेस बांधत राहिले. एकदा बांधलेली सोडून परत बांधली. डबी बंद करताना ते म्हणाले, ‘थंडी हाय. बोटं आखडलीत.’ थंडी नव्हती, ऋतू. मी स्वेटरसुद्धा घातला नव्हता.

घाट उतरताना माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर आपटलं. तुला हे किरकोळ वाटेल. पण मागे बसणाऱ्याला गिअर पाठीतून कळतो. अप्पा क्लच असा सोडायचे की मला डुलकी लागायची. त्या घाटात माझं हेल्मेट सारखं आपटत राहिलं, आणि क्लचही डाव्याच हाताला असतो. जंगल सुंदर होतं म्हणे. मी घरी येऊन फोटोंत बघितलं.

मी तेव्हा का बोलले नाही? त्यांचा मान राखत होते, की मलाच ऐकायचं नव्हतं? दोन्ही लिहून पाहिलं, दोन्ही थोडं थोडं खोटं वाटलं.

मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यांनी मला चाकूरच्या बाजूला नेलं. एका आडरस्त्याला गाडी थांबवली, खाली उतरले आणि म्हणाले, ‘अंबिका, तू जरा पुढं बस. चेनमधून कसला तरी आवाज येऊन राहिलाय. मला मागं बसून ऐकायचाय.’ गिअरच्या गाडीचं लायसन्स माझ्याकडे आहे, कंधारला माहेरी असताना दादाच्या मोटरसायकलवर शिकले होते, पण ती आणि ही म्हणजे शेळी आणि म्हैस. मी म्हटलं, अहो, माझे पाय तरी टेकतील का? ते म्हणाले, ‘चालताना पाय टेकायचे नसतात.’ ते खरंच. पण थांबताना टेकावे लागतात. पहिल्या दिवशी मी थांबले, डावा पाय खाली सोडला, खाली जमीन नव्हतीच, आणि गाडी इतक्या सावकाश आडवी झाली की पडता पडता मला विचार करायला वेळ मिळाला.

पुढच्या रविवारीही चेनचा आवाज आला. त्याच्या पुढच्याही. कधी चेन, कधी मागचं टायर, कधी शॉकॉप्सर. अप्पा मागे बसून गंभीरपणे ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, ‘हां, आता क्लच दाबून बघ, म्हणजे आवाज कळंल.’ ‘आता दुसऱ्या गिअरवर घे, आवाज बदलतोय का बघू.’ आवाज कुठलाच नव्हता. मला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. तुझा फोन आला तोवर मला गाडी बऱ्यापैकी येत होती. तरी मी तुला ते सांगितलं नाही, कारण ते का शिकवत आहेत हे सांगावं लागलं असतं, आणि आमच्यात तर ते कुणी उच्चारलंच नव्हतं.

जुलैत एकदा सोयाबीन खुरपणाऱ्या बायांच्या समोरच मी गाडी आडवी केली. सगळ्या खुरपी टाकून आल्या. एकीनं कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आगं बया, मालक मागं अन् मालकीण पुढं! म्हनूनच पडली की ओ.’ दुसरी म्हणाली, ‘तू गप गं. गाडीच लई उंच हाय.’ ‘गाडी उंच न्हाई, बाईच बुटकी हाय,’ तिसरी. हसून हसून त्यांनी गाडी उभी केली. अप्पांनीही हात लावला, पण उजवाच. आणि जाताना त्यातल्या म्हातारीनं मला विचारलं, ‘किती देती गं बाई?’ मला, ऋतू. मी इतकी गोंधळले की उत्तरासाठी मागे बघितलं. अप्पा शेताकडे बघत होते.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मी चालवलं आणि मला फार आनंद झाला. हेच तर मला सलतं आहे. समोर रस्ता सगळा मोकळा दिसतो, वारा आधी आपल्याला लागतो, वळणावर गाडी आपल्या मनाप्रमाणे कलते. त्यांचा हात जातो आहे म्हणून मला ही जागा मिळते आहे, आणि तरी मला ती आवडते आहे. मी हे वाक्य खोडून बघितलं. खोडल्यावरचं पान जास्त खोटं वाटलं, म्हणून परत लिहिलं.

मध्यंतरी माझी प्रवासाची जाड पँट सापडेना. मी आजीला बोलले, कारण जुने कपडे ती भांडेवालीला देऊन टाकते. आजी तणतणली, ‘तुझी चिलखतं घेऊन भांडेवाली काय लढाईला जाणार हाय का?’ मागच्या सोमवारी कॉलेजातून आले तर ओसरीत गाडी उभी, वेगळीच दिसत होती, आणि तिच्या सीटवर माझी पँट घडी घालून ठेवलेली. गाडी खाली आली होती. सीटचा फोम कापला होता, मागचा शॉकॉप्सर खाली घेऊन बसवला होता. मी पायातल्या चपलांसकट तिच्यावर बसून बघितलं. दोन्ही पाय जमिनीला टेकले. मग मी अश्वजितच्या गॅरेजवर गेले. तो म्हणाला, ‘मॅडम, मी सायबाला दोनदा म्हणलो, तुमची उंची काय, ही सीट काय, गुडघे हँडलला लागतील, परत उंच होनार न्हाई. तर त्यांनी पँट पुढं केली. म्हणले, माप माझं घेऊच नको, हिचं घे.’

तुझे अप्पा सहा फुटांचे. त्यांनी ती गाडी स्वतःला पुढे बसताच येणार नाही अशी करून आणली आहे.

संध्याकाळी ते आडतीवरून आले, हातपाय धुतले, आणि मी विचारलं, अहो, हात कधीपासून? ते पंचाला हात पुसत राहिले. मग म्हणाले, ‘श्रीशैलच्या आधीपासून. तुला दिसलं होतं?’ मी म्हटलं, हो. ‘मग बोलली न्हाईस.’ मी म्हटलं, तुम्ही तरी कुठं बोललात. तेवढ्यात आतून तुझ्या आजीचा आवाज आला, ‘अन् मी काय आंधळी हाय? रोज पूजेच्या टायमाला मीच समोर बसते की. सगळ्या घराला ठाऊक, अन् सगळे मिळून चेनचा आवाज ऐकून राहिले!’ आधी अप्पा हसले. मग मी. मग अप्पा तोंड धुवायला परत मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

म्हणून हे पत्र. या रविवारी आम्ही नांदेडला येतो आहोत. सोमवारी अप्पांना तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे दाखवायचं आहे. ते तयार झाले आहेत, एवढंच म्हणाले की, ‘कारनं न्हाई. कारमधून उतरलो की पेशंट वाटतो.’ डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत नाही, आणि ते काहीही असलं तरी तेव्हा तू आमच्याजवळ असावीस असं मला वाटतं. गाडी विकायचा शब्द मी पाळत नाही, त्याबद्दल तुला माझा जो राग येईल तो योग्यच असेल, पण तो सोमवारनंतर काढ. रविवारी दुपारी हॉस्टेलच्या फाटकाशी ये. लोह्याला मी मुद्दाम त्याच हॉटेलात चहा घेणार आहे, म्हणून थोडा उशीर होईल. आम्ही दिसलो की पुढे कोण बसलं आहे हे बघून काही बोलू नकोस, रडू नकोस, त्यांच्या डाव्या हाताकडे बघू नकोस. फक्त कमरेवर हात ठेव आणि रस्त्यावरचा कुणीही विचारतो तसं विचार, ‘काय राव, किती देती?’ पण माझ्याकडे बघून नको. त्यांच्याकडे बघून विचार.

तुझीच,
यावेळी पुढे बसून येणारी
आई