घरं मोजणारा माणूस

देवणी,
रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रिय संगमेश अण्णा,
शरणार्थ. वहिनींना नमस्कार. अव्वाचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. फोनवर सगळं बोलता येईना म्हणून लिहितेय.

आकाशातल्या दिव्यांचं तू विचारलं होतंस. खरं आहे ते. सोमवारी दिवेलागणीला मी वाळलेले कपडे काढत होते. तीन दिवे, लाल-हिरवे, आवाज न करता घरांवरून सरकत गेले. सगळी गल्ली गच्चीवर. कुणी म्हणे ड्रोन आहेत, चोर घरं हेरून राहिलेत. कुणी आणखी काही. नक्की काय ते कुणालाच सांगता येईना. मंगळवारी, बुधवारी पुन्हा तेच. माझ्या शाळेत निम्मी पोरं यायची बंद झाली.

गुरुवारी दुपारी शाळेजवळच्या वस्तीवर लोकांनी एका अनोळखी माणसाला धरलं. घरं किती, गुरं कुणाकडं, असं तो विचारत होता. पाठीला कॅमेऱ्याची पिशवी. कुणीतरी त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. वीस मिनिटांत शंभरेक माणसं जमली. "गाई मोजाय आलोय हो, देवणी गाई!" तो ओरडत होता. कागद काढायला पिशवीत हात घातला, तर कुणी म्हणालं, हत्यार काढतोय. मग काठ्याच. आपला दूधवाला ईश्वरप्पा, त्याच्या तोंडून मी कधी शिवी ऐकली नाही, तोही मारत होता.

मी फाटक लावलं, पोरांना आत बसवलं आणि पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं म्हणा, म्हटलं.

तो खरंच गाईंची नोंद करायला आला होता. भुजंग नाव, किनवटचा. लातूरला दवाखान्यात आहे. एक डोळा गेला.

काल मी गेले होते. त्याची बायको चांगुणा बाहेर बाकावर बसलेली. मी त्या वस्तीजवळच्या शाळेतली बाई आहे म्हटल्यावर तिनं माझा हात धरला. "तुमी तरी आलाव बाई. दुसरं कुणी न्हाई आलं." मग म्हणाली, "त्यायला पैले चोर कोण म्हटलं, ठाव हाय का?"

माझा घाम बघून तिनंच मला पाणी दिलं.

अण्णा, तो फोटो मी टाकला. खाली लिहिलं होतं, 'हा माणूस घरं मोजतोय, लक्ष ठेवा.' शाळेच्या बाईंनी लिहिलंय म्हणून लोकांनी खरं मानलं. यांनी त्याच संध्याकाळी माझ्या फोनमधून तो ग्रुपवरूनही पुसला. म्हणाले, "गप बस. एवढ्या लोकांत तुझं नाव कोण घेतंय?" कुणी घेतलंही नाही. सतरा जण आत आहेत. ईश्वरप्पासुद्धा बोलला नाही.

दिवे काल पुन्हा दिसले. गच्चीवर कुणी गेलं नाही.

उद्या सकाळी मी ठाण्यात जातेय. यांना सांगितलेलं नाही. नोकरी बहुतेक जाईल. माझी वैष्णवी तुझ्याकडं शिकायला आहे, तिनं पेपरात वाचायच्या आधी तू तिला सांग. काही कमी करून सांगू नकोस.

आशीर्वाद मागायचा धीर होत नाही.

तुझी धाकटी बहीण,
सुकन्या