आप्पाण्णामामांचा फर्स्ट क्लास

निपाणी, ता. ९ जानेवारी २०२४

चि. दीप्तीस आप्पाण्णामामाचा जय जिनेंद्र व अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र बघून हसशील. पण गाठीपायी जिभेचा काठ कापल्यापासनं माझं बोलणं माझं मलाच कळंना, फोनवर तुला काय कळायचं! हात तेवढा शाबूत हाय.

परवा तुमच्या लॅबचा रिपोर्ट फोनवर आला. तुझी मामी कन्नड शाळेत शिकलेली, तिला ना इंग्रजी येतं ना मराठी अक्षर. पण आकडा आणि टक्क्याची खूण बरोबर दिसली. सत्तर टक्के! दहावीला गणितात दोनदा आपटलेल्या नवऱ्याला फर्स्ट क्लास मिळाला म्हणून तिनं गल्लीभर साखर वाटली, बस्तीत जिनदेवाला अभिषेक केला.

डॉक्टर म्हणतात, जखम भरली की रेडिएशनचा शेक घ्यायला बेळगावला या. मामी म्हणते, एवढ्या मार्कांनी पास झालेल्यानं परत परीक्षेला कशाला बसायचं? मलाही ते पटायला लागलंय. सत्तर म्हणजे चांगलंच न्हवं? तू तिथं कामाला, खरं काय ते कळव.

आक्काला, तुझ्या आईला, नमस्कार सांग. लोभ हाय तसा राहू दे, तो काय कापून काढायचा न्हाय.

तुझा,
आप्पाण्णामामा


बेळगाव, ता. १३ जानेवारी २०२४

ती. मामांस दीप्तीचा सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर बघून आई रडली, मग म्हणाली, याचे कोंबडीचे पाय काय सुधारले नाहीत. आमच्या आरोहीचे पुढचे दोन दात पडलेत. तुम्ही आजोबा-नात बोलायला बसलात तर तिसऱ्याला काही कळायचं नाही. खडेबाजारात मामीसाठी इरकल लुगडं बघून ठेवलंय.

मामा, हे पत्र कितीदा तरी फाडलं. फोन केला असता, पण मामी स्पीकर लावते.

ते मार्क नव्हेत. तुमच्या गाठीचा पातळ काप काचेवर घेऊन आम्ही रंगवतो. वाढायच्या घाईत असलेल्या पेशी तपकिरी दिसतात. शंभरातल्या सत्तर तशा निघाल्या. हा आकडा कमी तितका बरा. जास्त असला की दुखणं मानेत उतरायची, परत यायची भीती जास्त. काचेवर नाव नसतं, नुसता नंबर. मीच मोजल्या, आणि हिला केवढी घाई गं, असं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला म्हणालेसुद्धा. नाव नंतर कळलं.

आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. असा आकडा येऊनही बरी झालेली माणसं आहेत. म्हणून शेक चुकवू नका. त्यानं बरं होईलच असं मात्र छातीठोक सांगता येत नाही. आमच्याकडं आकडा काढायची सोय आहे, मामा, खाली आणायची नाही. एवढं शिकून मी तुमच्यासाठी एवढंच केलं, याचा लई राग येतो.

मामीला तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही. रागवा हवं तर, पण माया कमी करू नका, आणि या.

तुमची,
दीप्ती


निपाणी, ता. १७ जानेवारी २०२४

चि. दीप्तीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. शंका होतीच, म्हणून तर तुला विचारलं. तू चांगलं म्हणाली असतीस तर शेक टाळणार होतो, हेही खरं. तंबाखूच्या वखारीत जन्म गेला. चिमूट तोंडात धरून पानाचा कडकपणा सांगायचो, शेठलोक वाहवा करायचे. त्या शाळेत मी कायम पहिला.

तू मोजलंस म्हणून ते वाढलं न्हाय. रडू नकोस, पोरी. काल दाढी करताना मानेला वाटाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. तुझा आकडा खोटं बोलत न्हाय, असं दिसतंय. लई भ्या वाटलं. अजून कुणाला सांगितलं न्हाय.

सोमवारी येतोय. तुझं पत्र मामीनं उलटसुलट करून बघितलं. तू सत्तर अक्षरात लिहिलंस म्हणून तिला काय सापडलं न्हाय. बेळगावला कशाला, म्हणून विचारत होती. फर्स्ट क्लासवाल्यांना सर्टिफिकेट द्यायला बोलावलंय, असं खुणेनं सांगितलं. तवापासनं लग्नातला कोट उन्हात टाकून बसलीय.

सांगेन तिला, पण ह्या सोमवारी न्हाय. स्टँडवर आम्हाला उतरवून घ्यायला ये, आणि तिच्यासमोर माझं अभिनंदन कर. एवढा लोभ असू दे.

तुझा,
आप्पाण्णामामा