पाच दगडांची खूण

पेरीन, युटा
मंगळवार, १८ मार्च २०२५

प्रिय कोरली,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. आम्ही दोघं ठीक आहोत. मार्लिसचा उजवा गुडघा हवामान खात्यापेक्षा खरा अंदाज देतो आणि सध्या तो म्हणतोय की वारा सुटणार. दारचा जर्दाळू यंदाही दहा दिवस आधीच फुललाय. पहिल्या गारठ्यात मार खाणार हे त्याला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. बाबांची गाडी मी अजून विकलेली नाही. त्यांना जाऊन सहा महिने होत आले, पण गाडीत बसलं की वाटतं आता मागून ओरडतील, "गिअर आहे तो, पंपाचा दांडा नाही!"

अ‍ॅडाचं लग्न ठरलं हे वाचून मार्लिस रडली आणि मी बाहेर जाऊन उगाच लाकडं फोडली. टोबिन फोटोत तरी शहाणा दिसतो. पाच वर्षांची अ‍ॅडा माझ्या खांद्यावर बसून माझे कान लगामासारखे ओढायची, ते आठवलं.

आता ईस्टरचं. लग्नाआधी सगळ्यांनी शनिवार-रविवार मेरिटच्या घळीत मुक्कामाला जायचं आणि वाट वेंडेलमामानं दाखवायची, असं अ‍ॅडानं ठरवलंय म्हणतेस. यंदा ते जमेलसं वाटत नाही. फेब्रुवारीत पाणी आलं आणि रस्ता तीन ठिकाणी वाहून गेला. मी तीस वर्षं त्याच रस्त्यावर माती सपाट करायचा ग्रेडर चालवला, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेव. शिवाय एप्रिलमधला वारा तुला माहीत आहे, जेवणात अर्धी वाळू. त्यापेक्षा मीच तिकडे ओहायोला येतो. लोखंडी हंडी घेऊन येतो, तुझ्या अंगणात निखाऱ्यांवर बटाटे आणि पीचचा गोड पदार्थ करतो. पोरांना तेवढीच गंमत.

अ‍ॅडाला समजाव. तिचं तू ऐकतेस तेवढं ती तुझं ऐकत नाही, तरी.

तुझा भाऊ,
वेंडेल

*

पेरीन
गुरुवार, २७ मार्च २०२५

प्रिय कोरली,

रविवारी तुझा फोन आला. अ‍ॅडानं थेट जिल्ह्याच्या रस्ते खात्याला विचारलं आणि ते म्हणाले की मेरिटचा रस्ता गेल्याच आठवड्यात नीट केलाय, छोटी गाडीसुद्धा जाईल. आमच्या खात्याला माझ्या हयातीत पहिल्यांदा वेळेवर काम करायची बुद्धी झाली, तीही नेमकी आत्ता.

तू म्हणालीस, "वेंडेल, खोटं का बोललास?"

मी म्हणालो, "लिहून कळवतो."

"फोन हातात आहे ना? बोल की."

बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र बसून वाच आणि अ‍ॅडा शेजारी नसताना वाच. नंतर तिला दाखवायचं की नाही ते तू ठरव. माझं मत विचारशील तर दाखव.

फोन ठेवताना तू अ‍ॅडाचं एलियटबद्दलचं म्हणणं सांगितलंस: "माझा बाबा कुठे गेला ते मला बघायचं नाहीये. मला बघायचंय की ते दगड मी खरंच पाहिले होते का." तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

दगड होते, कोरली. तिनं पाहिले होते. मी पाडले.

हे लिहून काल पेन खाली ठेवलं आणि बाबांची गाडी काढून घळीत गेलो. सगळं तसंच आहे. आपण तंबू ठोकायचो तो सपाट कातळ, बाबा ज्याखाली हंडी ठेवायचे ते जुनिपरचं वाकडं झाड, आपण ईस्टरची रंगवलेली अंडी जिथून गडगडत सोडायचो तो उतार. मग कातळातल्या चिरेतून खाली उतरलो. पूर्वी दहा मिनिटं लागायची, आता अर्धा तास लागला. खाली तोंडाशी उभं राहून मागे वळून पाहिलं. मी तिथे लहानाचा मोठा झालो, तरी चार पावलं मागे गेल्यावर मलाही ती चीर कातळात दिसेनाशी झाली. एकाच लाल रंगाच्या तशा सहा चिरा आहेत तिथे. त्यातली एकच वर जाते.

बाबांचा नियम तुला आठवतो. पर्यटकांनी खुणेला रचलेले दगड दिसले की लाथ मारून पाडायचे. "ज्याला घळ वाचता येत नाही, त्यानं घळीत पाय ठेवू नये." आपण पोरं तर शर्यत लावायचो. एका उन्हाळ्यात तू अकरा पाडले होतेस आणि बाबांनी तुला स्वतःचा चाकू बक्षीस दिला होता. दुसरा नियम माझ्यासाठी होता: थोरल्यानं सगळ्यात शेवटी चालायचं आणि डोकी मोजायची. बाबा म्हणायचे, शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहता कामा नये.

तेव्हा मी असं लिहू शकलो असतो की मी सवयीनं लाथ मारली, कुणा परक्याचे दगड समजून. एकोणीस वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो. तेही खोटं आहे.

त्या ईस्टरच्या शनिवारी सकाळी न्याहारीला काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. एलियट म्हणाला होता की अ‍ॅडाला कमरेला दोरी बांधल्याशिवाय चिरेतून उतरवू नका. बाबा हसले, "काय मास्तर, तुमच्या ओहायोत जिना उतरतानाही दोरी बांधता का?" मी हसलो. आई हसली. आणि तू, आमच्या हसण्याची लाज वाटून की काय, म्हणालीस, "एलियट, एवढी भीती वाटते तर जा ना घरी." त्यानं स्वतःच्या पट्ट्याला दोर बांधला, दुसरं टोक अ‍ॅडाच्या कमरेला आणि तिला खाली उतरवलं. मग तू तिचा हात धरून बाबांबरोबर पुढे निघून गेलीस.

मी मागे होतो. खाली चिरेच्या तोंडाशी एलियट दगड रचत होता आणि अ‍ॅडा तुझा हात सोडून परत पळत येऊन बघत होती. पाच दगड. सगळ्यात वर एक गुलाबी, पांढऱ्या पट्ट्याचा. अ‍ॅडा म्हणाली, "हा दगडाचा माणूस आहे."

मी म्हणालो, "मास्तर, सासऱ्यांनी पाहिलं तर जेवायला वाढणार नाहीत."

तो हसला. चिडला नाही. म्हणाला, "तुम्ही इथे जन्मलात, वेंडेल. मी बँडमास्तर आहे, मला समोर कागद लागतो. संध्याकाळी मला हेच दगड घरी नेतील." आणि खिशातली वही काढून त्यानं त्या चिरेचं चित्रही काढलं.

दुपारी परत फिरताना तो डोहापाशी चित्र काढत बसला. "तुम्ही व्हा पुढे, मी आलोच." मी थांबायला हवं होतं. माझी जागा त्याच्या मागे होती. पण तुम्ही सगळे पुढे गेलात, मला भूक लागली होती आणि मी निघालो.

चिरेपाशी आलो तेव्हा ते पाच दगड उभे होते. मी पाडले. कुणाचे आहेत ते पक्कं माहीत असून पाडले. त्याची फजिती बघायची होती. मी ठरवलं होतं की वर कड्यावर बसायचं, तो खालून चीर शोधत पुढे जायला लागला की हाक मारायची, "काय मास्तर, कागद हरवला का?" आणि मग रात्रभर शेकोटीशी तो किस्सा रंगवून सांगायचा. एवढंच मनात होतं, कोरली. एवढंच होतं म्हणून ते कमी ठरत नाही.

वर पोहोचलो, बसायला जागाही निवडली. तेवढ्यात बाबांची हाक आली, आईचा पाय मुरगळला होता. मी धावलो. तिला उचलून मुक्कामावर आणलं, पाय बांधला. मग बाबा म्हणाले निखारे कर, मी निखारे केले. हंडीचं झाकण उचलून बटाटे बघितले. अ‍ॅडा येऊन अंडी कुठे लपवणार विचारत होती, तिला दटावलं. तासाभरानं तू विचारलंस, "एलियट कुठे आहे?" आणि मला आठवलं.

मला आठवलं, आणि तरी मी म्हणालो, "चित्र काढत बसलाय, येईल." आणखी पंधरा मिनिटं मी बटाट्यांवर चीज पसरत होतो. त्या पंधरा मिनिटांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. आम्ही अंधार पडेपर्यंत हाका मारल्या. सकाळी तो सापडला. आपली चीर सोडून पुढच्या तिसऱ्या चिरेतून वर चढायचा प्रयत्न केला होता त्यानं आणि तिथून पडला होता. तिथून आपल्या शेकोटीचा धूर दिसत असणार. काल मी मुद्दाम तिथे उभा राहून बघितलं.

दफनाच्या दिवशी अ‍ॅडा सगळ्यांना सांगत होती, "बाबानं दगडाचा माणूस केला होता." तू मला बाजूला घेऊन विचारलंस, "तू शेवटी होतास. होते का दगड?" मी म्हणालो, "नव्हते. पोरीच्या मनातलं असेल." बाबा शेजारी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यानंतर ते घळीत कधी गेले नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण मला वाटतं त्यांना कळलं होतं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्यांना विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

तू तेव्हा हळूच म्हणालीस, "म्हणजे त्यानं खूण केलीच नव्हती. त्याला परत यायचंच नव्हतं, वेंडेल. मी त्याला घरी जा म्हणाले आणि तो निघाला." मी ऐकलं. माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातात जेवणाची थाळी दिली आणि मी ती धरून उभा राहिलो. दुसऱ्या महिन्यात तू ओहायोला गेलीस, त्याच्या आईजवळ. माझ्या मनानं त्याला तुझं दुःख असं नाव दिलं आणि मी गप्प बसलो.

एक गोष्ट अजून राहिली. ती लिहिली नाही तर वरचं सगळं फुकट.

रविवारी सकाळी त्याच्यापर्यंत पहिला मी पोहोचलो. वही त्याच्या हाताशी कातळावर उघडी पडली होती. मागाहून बाबा येत होते. मी ते उघडं पान फाडून शर्टाच्या आत ठेवलं. तुला वही मिळाली तेव्हा तो फाटलेला काठ तुला दिसला असेल. तू कधी विचारलं नाहीस. ते पान माझ्या हत्यारांच्या पेटीत, तळाच्या कप्प्यात होतं. मार्लिसलाही माहीत नव्हतं. काल रात्री तिला सगळं सांगितलं. तिनं पाकीट आणि टपालाची तिकिटं आणून टेबलावर ठेवली आणि झोपायला गेली.

पान सोबत पाठवतोय. शाई थोडी फिकी झाली आहे, पण वाचता येतं. चीर आहे, पाच दगड आहेत, वरच्या दगडावर पट्टा काढलाय. खाली त्यानं लिहिलंय: "इथून वर. पोहोचल्याबरोबर, सगळ्यांसमोर, कोरलीला म्हणायचं की भीती वाटते हे खरं आहे आणि तरी दरवर्षी येईन."

हे पान हातात धरून तो त्या सहा चिरांसमोर दगड शोधत उभा राहिला असणार. तो तुझ्याकडे येत होता, कोरली. तो कुठेही निघून गेला नव्हता. एकोणीस वर्षं हे मला माहीत होतं आणि तुला नव्हतं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही, आणि मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. तो भार तुझ्यावर कशाला? शिव्या द्यायच्या असतील तर फोन कर, मी उचलेन. पोलिसांकडे जायचं असेल तर मी इथेच आहे. अ‍ॅडाच्या लग्नाला येऊ नकोस म्हणालीस तर येणार नाही.

पण ईस्टरला तिला घळीत आण. रस्ता उत्तम आहे, हे आता मी शपथेवर सांगतो. वाट दाखवायला माझी गरज नाही. काल मी चिरेच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसून वाळू उकरली. पट्ट्याचा दगड दोन हातांवर पालथा पडला होता, गुलाबी रंग खालच्या बाजूला तसाच राहिलाय. आणखी तीन ओळखू आले. पाचवा पाण्यानं नेला असावा. त्याच्या जागी मी दुसरा ठेवला नाही. चारच रचलेत, पट्ट्याचा वर.

अ‍ॅडाला सांग, तिनं पाहिलं होतं.

ज्यानं आपली जागा सोडली तो,
वेंडेल