पलंगाखालचं जहाज

अब्बा, इतिहास शिकवायला घरातलं सामान कामाला लावायची तुमची खोड होती, आणि आज तिचा मला भयंकर राग आलाय. शाळेत मास्तर होतात ते होतात, घरी तरी आम्हाला सुट्टी द्यायची! बुधवार पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत समुद्र कुठला? तुम्ही स्वतः तरी कधी पाहिला होतात? पण त्या रविवारी पलंग झाला व्यापारी जहाज, मी त्यावरची कप्तान आणि तुम्ही चाचे. "बाजूने जायचं नाही, तिथे तोफा असतात. मागून जायचं, खोटं निशाण लावून," असं म्हणत तुम्ही अम्मीची ओढणी फडकावत येता. दोरीला बांधलेली सांडशी पलंगाच्या कठड्यात अडकते, दोरी ओढून तुम्ही जहाजाला जहाज भिडवता आणि कुऱ्हाड म्हणून लाटणं घेऊन वर चढता. मी हसत पलंगाखाली शिरते. "शाबास! खलाशी असंच करायचे. भक्कम खोलीत शिरून आतून दार लावायचे." मी विचारते, "मग वाचायचे ना?" तुम्ही माझ्या डोक्यावरच्या फळीवर लाटणं आपटायला लागता. "आता छत फोडतात!" मी अशी किंचाळले की अम्मी तव्यावरची पोळी टाकून धावत आली. "अहो, पोरगी घाबरून मरेल! छळायला शाळेतली मुलं कमी पडतात का?"

तुमचा नातू आता मालवाहू जहाजावर आहे. पुण्यात वाढून याला समुद्राचं वेड कुठून लागलं, अल्ला जाणे. काल मी विश्रांतवाडीच्या घरात मेथी निवडत बसले होते, तेव्हा त्याचा फोन आला. "अम्मी, काही दिवस फोन लागणार नाही. चाच्यांच्या भागातून जातोय. टेन्शन घेऊ नकोस, जहाजावर एक पोलादी खोली आहे. ते चढलेच, तर आम्ही सगळे आत जाऊन दार लावणार." त्याला वाटलं, मला धीर येईल. "छान," मी म्हटलं. मग तो म्हणाला, "तू नानांची गोष्ट सांगायचीस ना, त्या खोलीतल्या लोकांचं पुढे काय व्हायचं गं?"

"वाचायचे."

"सगळे?"

"सगळे," मी म्हटलं, आणि फोन कटला.

तेव्हापासून जिवाला चैन नाही, अब्बा. हे लिहून झालं की फाडून टाकणार आहे, सूनबाईच्या हाती लागायला नको. तुम्ही त्या दिवशी लाटणं खाली ठेवलंत, वाकून पलंगाखाली बघत पुढे काहीतरी सांगत होतात. मी कानांत बोटं घालून बसले होते.